एसी गार, वारं मात्र काचेलाच: जुन्या डिझेल गाडीतल्या व्हॅक्यूम झडपांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २००३ सालची, सात आसनी, चार सिलिंडरची टर्बो डिझेल. मालक खानापूर तालुक्यातले. रोजची ये-जा बेळगावची, आणि अधूनमधून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट करत गोव्याची फेरी. गाडीचं मेक आणि मालकांची ओळख पटेल असे तपशील इथे दिलेले नाहीत. बिघाडाची रचना मात्र होती तशीच मांडली आहे, कारण त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत ती थोड्याफार फरकाने अशीच सापडते.

या गाडीत थंड-गरम करण्याचा नॉब केबलवर चालतो. वारं तोंडाला, पायाला की काचेला जाणार, हे मात्र व्हॅक्यूम, म्हणजे नळीतली हवा ओढून तयार केलेला कमी दाब, ठरवतो. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा थ्रॉटल नसल्याने इनटेकमध्ये वापरण्याजोगा व्हॅक्यूम तयार होत नाही. म्हणून अल्टरनेटरच्या पाठीमागे, त्याच शाफ्टवर, पात्यांचा छोटा व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो आणि त्याला इंजिनाचंच ऑइल मिळतं. पंपाचा जाड पाइप ब्रेक बूस्टरला, म्हणजे ब्रेक दाबताना पायाला मदत करणाऱ्या डब्याला जातो. त्या जाड पाइपाला एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड असतो आणि तिथून एसीची बारीक लाइन निघते. तिचा क्रम असा: आधी एनआरव्ही, म्हणजे एकाच दिशेने वाट देणारा व्हॉल्व्ह. मग डाव्या मडगार्डच्या आत व्हॅक्यूम साठवणारी प्लास्टिकची टाकी. मग फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या, रबरी ग्रोमेटमधून आत, डॅशबोर्डवरच्या मोड नॉबच्या मागच्या स्विचपर्यंत. स्विचपासून पुढे तीन डब्यांना तीन नळ्या. डबी म्हणजे चपट्या डब्यासारखा अॅक्ट्युएटर: आत रबरी डायफ्रॅम आणि स्प्रिंग, बाहेर रॉड, आणि रॉडला झडप अडकवलेली.

झडपांचं गणित नीट लक्षात घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. व्हॅक्यूम नसेल तेव्हा स्प्रिंग मुख्य झडपेला काचेच्या बाजूला ढकलते. व्हॅक्यूम मिळाला की रॉड आत ओढला जातो आणि वारं तोंडाकडे वळतं. पायाच्या झडपेची डबी वेगळी. तिसरी डबी बाहेरची हवा बंद करून आतलीच हवा फिरवण्यासाठी, म्हणजे रिसर्क्युलेशनची. व्हॅक्यूम पूर्ण गेला तर वारं काचेला आणि बाहेरची हवा चालू, अशी ही व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. बिघाड झाला तरी चालकाला समोरचं दिसत राहावं हा त्यामागचा विचार.

तक्रार

एप्रिलपासून मालकांचं म्हणणं होतं की एसी कमी पडतोय. मधल्या व्हेंटमधून वारं येईनासं झालं होतं आणि जे येत होतं ते कोमट होतं. शहरातल्या एका गॅरेजात गॅस भरून झाला. फरक पडला नाही. दुसऱ्या खेपेला कंडेन्सर धुऊन पुन्हा गॅस भरला गेला, तोही न तोलता. तरी फरक नाही. त्यानंतर व्हॅक्यूम बघितला गेला, गेजवर १४ इंच (पाऱ्याचे) दिसले आणि "पंप गेला, अल्टरनेटरसकट बदला" असा सल्ला मिळाला.

जूनमध्ये पाऊस धरला आणि तक्रारीचं रूपच पालटलं.

"मिस्त्री, काच धरायलीय सगळी. वायपर मारला की जरा बरं वाटतंय, परत तसंच. एसी बंद केला तर आतनं धरतीय."

"काका, वायपरनं जातंय म्हंजे बाहेरनं धरतीय. गॅस ऱ्हाऊ द्या, आधी वारं कुठं जातंय ते बघूया."

या दोन वाक्यांत निम्मं निदान झालं होतं. घाटात पावसाळ्यात बाहेरचं तापमान बावीस-तेवीस अंशांच्या आसपास असतं आणि हवा ओलाव्याने जवळजवळ भरलेली असते. अशा हवेत काच थोडी जरी जास्त गार झाली की बाहेरच्या बाजूने बाष्प धरतं. एसीचं सगळं गार वारं काचेवर आदळत होतं, म्हणून बाहेरून धुकं. एसी बंद केला की आतल्या माणसांच्या श्वासाचा ओलावा काचेवर बसायचा, म्हणून आतून धुकं. चालक दोन्हीकडून अडकलेला, आणि तेही चोर्ल्याच्या वळणांवर. तक्रार एसीची वाटत असली तरी हा सुरक्षिततेचा प्रश्न झाला होता. पुढचे सगळे निर्णय त्याच नजरेने घ्यायला हवे होते आणि बऱ्याच अंशी ते तसे घेतले गेले.

पहिला निर्णय: गॅस की दिशा

साधा थर्मामीटर घेतला. इंजिन चालू, एसी पूर्ण, ब्लोअर मधल्या गतीवर, नॉब तोंडाच्या खुणेवर. मधल्या व्हेंटशी १९ अंश आणि वारं जेमतेम. काचेखालच्या फटीत थर्मामीटर धरला तर ९ अंश आणि जोरदार वारं. कूलिंग कॉइल तिचं काम चोख करत होती. एप्रिलमध्ये दोन मिनिटांची ही तपासणी झाली असती तर दोन्ही वेळचा गॅस वाचला असता.

न तोलता भरलेल्या गॅसचा निकाल मात्र लावावाच लागतो. जास्त गॅसने कॉम्प्रेसरवर दाब वाढतो आणि कूलिंग उलट कमी होतं. म्हणून मूळ काम झाल्यावर गॅस मशीनने काढून, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच तोलून भरला.

दुसरा निर्णय: ब्रेक आधी

एसीची लाइन आणि ब्रेक बूस्टर एकाच पंपावर जगतात. त्यामुळे गळती शोधायला बसण्याआधी ब्रेक तपासणं भाग होतं. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबलं, मग पायाने दाबून धरून इंजिन चालू केलं. पेडल थोडं खाली बसलं, म्हणजे बूस्टरला व्हॅक्यूम मिळत होता. इंजिन बंद करून काही मिनिटांनी पुन्हा दाबलं, पहिल्या दोन दाबांना मदत मिळाली. बूस्टरच्या तोंडाशी स्वतःचा एनआरव्ही असतो, त्यामुळे एसीच्या लाइनची गळती बूस्टरमधला साठा थेट ओढून नेत नाही. पण उतारावर पुन्हा पुन्हा ब्रेक मारताना तो साठा भरून यायला वेळ लागतो, आणि घाट उतरताना नेमकं तेच नको असतं.

त्या दिवशी गाडी घरी न्यायची होती. टीवरून एसीची बारीक लाइन काढली, नाकाडीवर घट्ट रबरी टोपी बसवली आणि वर टाय मारला. बूस्टरला पूर्ण व्हॅक्यूम आणि वारं कायम काचेला, अशी तात्पुरती अवस्था. चालकाने ब्लोअर चालू ठेवून तापमानाचा नॉब गरमकडे ठेवायचा, इतकंच सांगितलं. भाग मिळेपर्यंत गाडी चालवावीच लागणार असेल तर हा उपाय चांगला. तारेने झडप तोंडाकडे बांधून ठेवणं सोपं दिसतं, पण त्यात काचेचं वारं कायमचं जातं. खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात राहणाऱ्या माणसाच्या गाडीत असं करणं म्हणजे अपघाताला बोलावणं.

तिसरा निर्णय: पंप खरंच गेलाय का

टीवर गेज जोडला. एसीची लाइन बंद, फक्त पंप आणि बूस्टर. आयडलिंगला काही सेकंदांत काटा २४ इंचांवर जाऊन थांबला.

इथे बेळगावकडच्या गॅरेजांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायला हवी. पंपाच्या कागदावर २७ इंच लिहिलेलं असेल तर तो समुद्रसपाटीचा आकडा असतो. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे २९.९ इंचांइतका, तर बेळगावात सुमारे २७.४ इंच. गेज मोजतो तो बाहेरच्या हवेशी असलेला फरक, त्यामुळे जो पंप पणजीत २७ दाखवेल तोच बेळगावात साडेचोवीसच्या आसपास थांबतो. २४ हा आकडा इथे उत्तम आहे. कागद धरून बसलं तर या भागातला प्रत्येक धडधाकट पंप नापास होईल.

मग आधीच्या गॅरेजात १४ इंच कसे दिसले? ते रीडिंग एसीची लाइन जोडलेली असताना घेतलं होतं आणि नॉब कुठल्या मोडवर आहे याची नोंद नव्हती. मोड न लिहिता घेतलेलं व्हॅक्यूमचं रीडिंग बिनकामाचं असतं. त्या एका आकड्यावर चांगला चालणारा पंप आणि अल्टरनेटर बदलला जाणार होता.

गळती बोलते ती मोडमधून

आता एसीची लाइन परत जोडली आणि आयडलिंगवरच एकेका मोडला रीडिंग घेतलं. नॉब फिरवला की डबी भरेपर्यंत काटा क्षणभर खाली येतो, ते साहजिक आहे. म्हणून दर वेळी अर्धा मिनिट थांबून, काटा स्थिर झाल्यावरच आकडा लिहिला.

काच: २१ इंच
पाय: २१ इंच
तोंड: १४ इंच
तोंड आणि पाय: १४ इंच
काच, रिसर्क्युलेशन चालू: २१ इंच

या पाच ओळींत सगळं उत्तर आहे. काचेच्या मोडमध्ये एकाही डबीला व्हॅक्यूम जात नाही, तरी २४ चे २१ झाले. म्हणजे एक छोटी गळती स्विचच्या अलीकडे, कायम चालू असलेली. पायाची डबी आणि रिसर्क्युलेशनची डबी जोडल्यावर आकडा आणखी घसरला नाही, म्हणजे त्या दोन्ही ठीक. तोंडाची डबी जोडली की ७ इंच आणखी जातात, म्हणजे मोठी गळती त्या डबीत किंवा तिच्या नळीत.

१४ इंचांवर झडप का हलत नाही, हेही मोजून बघण्यासारखं आहे. या डबीच्या डायफ्रॅमचा व्यास सुमारे ४५ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास १६ चौरस सेंमी. २० इंच व्हॅक्यूमवर तो सुमारे ११ किलोच्या जोराने ओढतो, १४ इंचांवर पावणेआठ किलोच्या. टीवर १४ दिसत असले तरी नळीच्या टोकाशी, फाटलेल्या डायफ्रॅमपाशी, त्याहून कितीतरी कमी पोचतं. त्यातून आधी स्प्रिंग दाबायची आणि मग झडप ओढायची. झडप अर्ध्यात अडकत होती आणि एप्रिलमधलं "कोमट, जेमतेम वारं" हे त्या अर्ध्या झडपेचं होतं.

गळती ऐकण्याबद्दल दोन शब्द. साबणाचं पाणी इथे उपयोगी पडत नाही. व्हॅक्यूमची गळती फेस बाहेर फुगवत नाही, आत ओढून घेते. पेट्रोल गाडीवर कार्ब क्लीनर फवारून आयडल बदलतोय का बघतात, ती युक्ती डिझेलवर लागू नाही, कारण हा व्हॅक्यूम इनटेकमधला नसतो. बारीक नळीचा हातभर तुकडा कानाशी धरून दुसरं टोक जोडाजोडाने फिरवणं हेच चालतं. किंवा नळी पट्टीच्या पकडीने हलकी दाबून आकडा बदलतो का ते पाहणं. मात्र कडक नायलॉनची नळी कधीच दाबायची नाही, ती तडकते. दाबायची ती रबरी टोकंच.

इंजिनच्या बाजूला काय सापडलं

फायरवॉलपाशी लाइन बंद केली तरी रीडिंग २१ च. म्हणजे कायमची गळती बॉनेटखालीच होती. एनआरव्ही काढला आणि तिथे जुना जुगाड उघडा पडला. मूळ रबरी टोकाच्या जागी कुणीतरी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब चढवली होती. ती फुगून मऊ झाली होती, बोटाने दाबली तर तेलकट लागत होती आणि नाकाडीच्या कडेला तिला उभी चीर गेली होती. व्हॉल्व्ह ट्यूब साध्या नैसर्गिक रबराची असते आणि तेल लागलं की ती फुगते. पंपाला इंजिन ऑइल मिळत असल्याने त्याच्या जवळच्या पाइपात तेलाची वाफ असणारच. एनआरव्ही धड असेल तर ती पुढे सरकत नाही. इथला एनआरव्ही तोंडाने फुंकला तर दोन्ही दिशांनी हवा सोडत होता.

त्याच्या पुढचा वीतभर तुकडा सलाइनच्या नळीचा होता. बाहेरून स्वच्छ, पारदर्शक, बघणाऱ्याला शंकाही येणार नाही असा. पण एक्झॉस्टच्या बाजूने जाताना एके ठिकाणी तो चपटा झाला होता आणि चपट्या जागी नखाने दाबलं तरी पुन्हा गोल होत नव्हता. पातळ भिंतीची पीव्हीसी नळी उष्णतेने मऊ पडते आणि आतला व्हॅक्यूम तिला चिकटवून टाकतो. यातून गळती होत नाही, वाट अरुंद होते. मोड बदलल्यावर झडप सावकाश हलायची, त्यात या तुकड्याचा हात होता. मत्स्यालयाची सिलिकॉन नळी वापरली तरी हीच गत होते.

टाकी सोडवून तिला हाताने चालवायच्या व्हॅक्यूम पंपाने, म्हणजे हँड पंपाने, २० इंच दिले. पाच मिनिटांत काटा हलला नाही, म्हणून ती तशीच परत बसवली. गोठ्याशेजारी किंवा गवताच्या गंजीजवळ उभ्या असणाऱ्या गाडीत उंदराने नळी कुरतडलेली असू शकते. तेही तपासलं, इथे तसं काही नव्हतं.

बदललं ते असं: नवा एनआरव्ही, बाण टाकीकडून पंपाकडे हवा जाईल असा धरून. टीपासून एनआरव्हीपर्यंत जाड भिंतीचा नायट्राइल रबराचा पाइप, तेल सोसणारा. पुढे फायरवॉलपर्यंत ४ मिमी बाहेरच्या व्यासाची नायलॉनची नळी, एक्झॉस्टपासून दूर, जुन्या क्लिपांतून फिरवलेली. नायलॉनच्या टोकांवर रबरी टोकं अशा मापाची की पाण्यात बुडवून जोर लावल्याशिवाय चढणार नाहीत. इथे ग्रीस किंवा ऑइल लावून टोकं चढवायची नाहीत, तेच पुढे रबर खातं.

एवढं झाल्यावर काचेच्या मोडला २४ आले.

चौथा निर्णय: डॅशबोर्ड उघडायचा का

तोंडाच्या मोडला काटा अजूनही घसरत होता. ग्लोव्ह बॉक्स काढला, स्विचच्या मागचा जोड सोडवला. सोडवण्याआधी प्रत्येक नळीला चिकटपट्टीची खूण केली, कारण जुन्या गाडीत नळ्यांचे रंग उडालेले असतात आणि आधीच्या कुणीतरी अदलाबदलही केलेली असू शकते. तोंडाच्या नळीला हँड पंप लावला तर ५ इंचांपुढे व्हॅक्यूम टिकेना. डबीपाशी नळी सोडवून तिचं टोक बंद केलं तर तीच नळी २० इंच धरून राहिली. नळी चांगली, डबी फाटलेली. इथे संशयाला जागा उरली नाही.

पर्याय चार होते.

पूर्ण डॅशबोर्ड उतरवून एसीचा अख्खा डबा बाहेर काढणं. काम नीट होतं, सगळं दिसतं. पण वीस वर्षांच्या प्लास्टिकच्या क्लिपा एकदा उघडल्या की निम्म्या तुटतात. नंतर खडखड मागे लागते, आणि कूलिंग कॉइल सोडवावी लागली तर गॅसचं काम वेगळंच. कॉइल गळत असती तर हाच मार्ग योग्य होता. नुसत्या डबीसाठी हा खर्च पटणारा नव्हता.

व्हॅक्यूमची डबी काढून विजेची सर्व्हो मोटर बसवणं. होऊ शकतं. पण मोटर अर्ध्यात बिघडली तर झडप जिथे असेल तिथेच थांबते. व्हॅक्यूम गेल्यावर आपोआप काचेकडे जाण्याचा गुण जातो, आणि या गाडीचा रस्ता बघता तो गमावणं शहाणपणाचं नव्हतं.

भंगारातल्या त्याच मॉडेलची डबी. स्वस्त आणि माप हमखास जुळणारं.

दुसऱ्या मेकची नवी डबी, ब्रॅकेट जुळवून.

ग्लोव्ह बॉक्सच्या मोकळ्या जागेतून हात घातला तर डबीचे दोन्ही स्क्रू हाताशी आले. एक सरळ समोर, दुसरा डब्याच्या कडेमागे, ८ मिमी सॉकेट आणि आखूड एक्स्टेन्शन लावून फिरेल असा. मग डॅशबोर्डला हात लावायचं कारणच राहिलं नाही.

आधी भंगारातली डबी आणली. टेबलावर १५ इंच दिले, मिनिटभर काटा हलला नाही. इतक्यावर ती बसवून टाकण्याचा मोह होतो, पण जुनं रबर घडीवर तडकतं. ते दिसायला डबी पुन्हा पुन्हा ओढून-सोडून बघावी लागते. तीसेक वेळा ओढल्यावर तिने १५ चे ९ केले. बसवली असती तर पावसाळा संपायच्या आत परत ग्लोव्ह बॉक्स उघडावा लागला असता.

मग नवी डबी निवडली. अडचण स्ट्रोकची होती. जुन्या डबीचा रॉड २२ मिमी सरकायचा, नवीचा २८. जास्तीचे ६ मिमी झडपेच्या हाताला वाकवतील किंवा तिचा प्लास्टिकचा कान तोडतील. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या एका टर्नरकडून ६ मिमी लांबीची नायलॉनची बाही करून घेतली, एका बाजूने चीर दिलेली. ती रॉडवर सरकवल्यावर रॉडच्या हुकाचा खांदा डबीच्या तोंडाला टेकण्याआधी बाहीला अडतो आणि स्ट्रोक २२ मिमीवर थांबतो. बेळगावात लेथवाला पावलापावलावर मिळतो, त्याचा असा उपयोग करून घ्यावा.

झडप घट्ट, डबी निर्दोष

नवी डबी जोडण्याआधी झडपेचा हात नुसत्या बोटाने हलवून बघितला. एका बोटाने हलायला हवा तो हात अंगठ्याचा जोर मागत होता. टॉर्च धरल्यावर दिसलं की झडपेच्या कडेचा फोम विरघळून चिकट झालाय आणि त्यावर लाल मातीचा थर बसलाय. जांभ्याच्या भागात फिरणाऱ्या, बाहेरची हवा कायम चालू असलेल्या गाडीत हे होणारच. अशा झडपेवर नवी डबी बसवली तर ती चालते, पण सावकाश, आणि डायफ्रॅमवर सतत ताण राहतो.

सुटलेला फोम चिमट्याने काढला, पातळ नव्या फोमची पट्टी हात पोचेल तिथे लावली आणि बिजागरीला सिलिकॉनचा फवारा दिला. गंज सोडवणारा तेलकट फवारा इथे वापरायचा नाही. त्याने फोम आणखी विरघळतो आणि पुढचे कित्येक दिवस केबिनमध्ये वास येत राहतो.

परिणाम

सगळं जोडल्यावर आयडलिंगला सर्व मोडमध्ये २३.५ ते २४ इंच. मधल्या व्हेंटशी १० अंश, वारं भरपूर. तोंडाच्या मोडमध्ये इंजिन बंद केलं तर दहा मिनिटांनंतरही झडप जागेवर. आधी ती इंजिन बंद होताच फस्स करून काचेकडे पडायची.

एक गोष्ट राहिली होती. तोंडाच्या मोडमध्येही काचेच्या फटीतून बऱ्यापैकी वारं येत होतं. काही गाड्यांत थोडं वारं काचेला मुद्दाम सोडलेलं असतं, त्याच्या मागे लागू नये. इथे ते जास्त होतं. नव्या ब्रॅकेटमुळे डबी ३ मिमी पुढे बसली होती आणि झडप पूर्ण टेकत नव्हती. ब्रॅकेटची भोकं लांबट करून डबी मागे घेतली, मग फटीतलं वारं हाताला जेमतेम लागेल इतकं उरलं.

चाचणी भर पावसात, जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला उतरून झाली. गोव्याच्या बाजूला पायथ्याशी गेज सुमारे अडीच इंच जास्त दाखवत होता. उंचीचा हिशेब तिथे डोळ्यांनी दिसला. काच दोन्ही बाजूंनी स्वच्छ ठेवण्याची पद्धत मालकांना गाडीतच दाखवली: वारं काचेला, एसी चालू, तापमान गरमकडे, हवा बाहेरची. एसी हवेतला ओलावा काढतो, हीटर ती हवा पुन्हा गरम करतो, काच गार पडत नाही. पावसात रिसर्क्युलेशन बंदच.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा झाला, हे सगळ्यात मोठं. थर्मामीटर, मग मोडनिहाय गेज, मग हात लावणं, असा क्रम असता तर पहिल्याच भेटीत काम संपलं असतं. एसीची तक्रार म्हटलं की गॅस भरण्याची आपल्याकडे सवय आहे आणि तिची किंमत गिऱ्हाईक मोजतं. वारं कमी आणि गारवा कमी या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, गिऱ्हाईक त्या एकाच वाक्यात सांगत असलं तरी.

दुसरा मुद्दा रबरी टोकांचा. बॉनेटखालची सगळी टोकं बदलली. आतली मात्र "चांगली दिसतात, व्हॅक्यूम धरतात" म्हणून दोन तशीच ठेवली गेली. हा निर्णय टिकला नाही. नोव्हेंबरात उसाचा हंगाम सुरू झाला, रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली आणि मालकांचा फोन आला की रिसर्क्युलेशनचं बटण दाबूनही धूळ आत येते. रिसर्क्युलेशनच्या डबीवरचं टोक तडकलं होतं. व्हॅक्यूम नाही, म्हणून झडप बाहेरच्या हवेवर उघडी. एका टोकाला गळती लागण्याइतकं वय झालं असेल तर बाकीची टोकंही त्याच वयाची असतात. ग्लोव्ह बॉक्स उघडलेलाच होता, टोकांची किंमत किरकोळ होती, त्याच वेळी सगळी बदलायला हवी होती. या वेळी आतली उरलेली सगळी टोकं बदलली.

मालकांना घरी करता येईल अशी तपासणी सांगून ठेवली आहे, तिला हत्यार लागत नाही. मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या पावसाआधी, ब्लोअर चालू ठेवून मोड तोंडावर घ्यायचा आणि इंजिन बंद करून चावी पुन्हा ऑनवर आणायची, म्हणजे ब्लोअर बॅटरीवर चालू राहतो. वारं पाच मिनिटं तोंडालाच येत राहिलं तर लाइन धड आहे. त्याआधीच काचेकडे वळलं तर बॉनेटखालच्या एनआरव्हीपासून शोध सुरू करायचा.